कुंपणाखालचा वंश

संस्कृतांत ‘वंश’ हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. एक अर्थ कुळाचा, दुसरा वेळूचा. पेरावर पेर चढत जातें तें दोहींकडे सारखेंच, असें शाळेंत मुलांना सांगण्यांत आम्हीं पस्तीस वर्षें घालविलीं. या शब्दावर आमचा इतका लोभ कीं, त्या लोभापायीं आम्हीं आमच्या मुलीस परदेशांत सरकारी नोटीस मिळवून दिली. हा प्रकार कसा घडला तें या महिन्यांत सांगण्याचें योजिलें आहे. सांगतांना संकोच वाटतो. परंतु आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें आज तिकडे घरें घेऊन राहिलीं आहेत, आणि पुष्कळ वडीलधारे आमच्यासारखेच सहा महिन्यांकरितां तेथें जाऊन, कोणी न विचारतां, अंगणांतील झाडाझुडपांविषयीं सल्ला देत असतात. त्यांच्या उपयोगीं पडलें तर पडेल.

आमची धाकटी कन्या व जावईबापू अमेरिकेंत व्हर्जिनिया राज्यांतील फेअरफॅक्स काउंटींत राहतात. राजधानी वॉशिंग्टन तेथून जवळच. नदी ओलांडली कीं आलीच. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखी व्यवस्था. मात्र तिला लोकांनीं निवडलेलें मंडळ असतें व तें मंडळ स्थानिक नियम करतें. २०१८ सालीं या उभयतांनीं तेथें घर घेतलें आणि पुढील वर्षीं वसंत ऋतूंत आम्ही सपत्नीक तेथें गेलों. घरामागें हिरवळ, आणि हिरवळीच्या टोकास शेजारच्या हद्दीला लागून वेळूंची एक दाट रांग. वीस-पंचवीस फूट उंच, हिरव्या कांड्या, कांडीच्या एका अंगास पिवळसर खांच. वारा सुटला कीं त्यांतून जो आवाज निघे, तो ऐकून परक्या देशांत आलों आहों हें आम्ही विसरूं.

जावईबापूंच्या मनांत ती रांग काढून टाकावयाची होती. बागकाम करणाऱ्या एका गृहस्थानें त्यांना बजावलें होतें कीं, हें प्रकरण आजच निस्तरा, पुढें जड जाईल. त्यांनीं सहज जेवतांना विषय काढला आणि आम्हीं हातांतला घास ताटांत ठेवला. वंश कोणी मुळासकट उपटतें काय? आमच्या आजोळीं, कोंकणांत, विहिरीमागें गडग्याला लागून माणग्याचें बेट होतें. आमच्या पणजोबांच्या वेळचें, असें सांगत. घरांतील प्रत्येक मुंजीचा मांडव त्या बेटावर उभा राहिला, आंबे काढावयाच्या काठ्या त्यांतल्याच, आणि घरांतून जें कोणी शेवटचें निघालें तेंही त्यावरूनच. तीन पिढ्यांत त्या बेटानें गडगा ओलांडल्याचें कोणाच्या ऐकिवांत नाहीं.

एवढ्यावर आम्ही थांबलों असतों तरी चाललें असतें. परंतु मास्तराला प्रमाण दिल्याशिवाय चैन पडत नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमाविवादाचें प्रकरण आहे. दोन गांवांच्या हद्दीचा तंटा पडला तर राजानें ज्येष्ठ महिन्यांत, म्हणजे जमीन उघडी पडून खुणा स्पष्ट दिसतात अशा वेळीं, निवाडा करावा. हद्दीवर वड, पिंपळ, पळस, सांवर असे दीर्घायु वृक्ष लावावेत. आणि त्याबरोबरच नाना जातींचे वेळू, शमी, वेली, शर लावावेत, म्हणजे सीमा नाहींशी होत नाहीं, असें तेथें सांगितलें आहे. शिवाय दगड, हाडें, कोळसे, खापऱ्या, भुसा अशा वस्तु जमिनींत पुरून गुप्त खुणा ठेवाव्या, कारण हद्दीविषयीं माणसें नेहमींच घोटाळा करतात. हें सारें आम्हीं त्या जेवणावर यथासांग निरूपण केलें. हद्दीवरचा वेळू म्हणजे हद्दीचा रखवालदार. तो काढणें म्हणजे भांडणास आमंत्रण. जावईबापू सुस्वभावी, सासऱ्यापुढें शब्द काढीत नाहींत. “नाना म्हणतात तर राहूं द्या,” असें ते म्हणाले आणि रांग राहिली.

वचन खोटें नव्हतें. वेळू दुसरा होता.

हा भेद आम्हांला पुढें चार वर्षांनीं कळला. बांबू हें झाड नव्हे, गवत आहे. अमरकोशांत त्याचें एक नांव तृणध्वज असें दिलें आहे, तेव्हां आपल्या पूर्वजांची नजर या बाबतींत चुकली नव्हती. या गवताच्या जमिनीखालील खोडाला शास्त्रीय परिभाषेंत मूलक्षोड म्हणतात, आणि बांबूचें सारें चरित्र त्या मूलक्षोडावर ठरतें. आपल्याकडील कळक, मानवेल, माणगा यांचें मूलक्षोड आंखूड व जाड असतें. त्याच्या टोकालाच नवा कोंब फुटून वर येतो, त्याच्या बुडख्यापासून पुढचा आंखूड फांटा, त्याचें टोक पुन्हा वर. असें करीत सगळें कुटुंब एका ठिकाणीं गर्दी करून राहतें. म्हणूनच आपल्या भाषेनें त्याला बेट म्हटलें. बेट हातपाय पसरतें, परंतु वर्षाकांठीं थोडक्या अंतरानें. कोयत्याच्या आटोक्यांत राहतें.

फायलोस्टॅकिस या कुळांतील चिनी बांबूंची रीत अगदीं उलट. त्यांचें मूलक्षोड बारीक, लांब, दोरखंडासारखें. तें जमिनीखालीं बहुधा एक फुटाच्या आंतच आडवें धांवतें, आणि त्याचें टोक वर न येतां पुढेंच जातें. कोंब फुटतात ते त्याच्या बाजूच्या डोळ्यांतून. एका हंगामांत दहा-पंधरा फूट मजल मारणें त्याला अवघड नाहीं. वर पाहावें तर हिरवळ शांत. खालीं प्रवास चालू. वसंतांत एके दिवशीं मूळच्या रांगेपासून दूर कोठें तरी, फरसबंदीच्या फटींतून किंवा गुलाबाच्या आळ्यांतून, भाल्याच्या टोकासारखा कोंब वर येतो आणि दोनेक महिन्यांत आपली सगळी उंची गांठतो. त्यानंतर ती कांडी जन्मभर एक बोटही वाढत नाहीं, पण तिनें मिळविलेलें अन्न खालीं पुढच्या प्रवासाच्या कामीं लागतें. तिकडील कायद्यांत याला ‘धांवता बांबू’ अशा अर्थाचा शब्द आहे आणि तो अचूक आहे.

हे बांबू तेथें उगवले कसे? आपोआप नव्हे. सोनेरी कांडीची जात १८८२ च्या सुमारास आलाबामांत शोभेकरितां आणली गेली. पिवळ्या खांचेची जात, म्हणजे आमच्या मुलीच्या अंगणांतली, सुमारें १९०७ सालीं चीनमधून अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्याकरितां वनस्पती जमविणारे फ्रँक मेयर यांच्यामार्फत गेली. थंडी सोसणारी, शेळपट नव्हे अशी जात. पुढें उपनगरें वाढलीं, घराला घर लागलें, आणि ज्या देशांत अंगणाला भिंत घालण्याची चाल नाहीं व कुंपणाच्या उंचीवरही मर्यादा असते, तेथें शेजाऱ्याची नजर अडविण्यास हा हिरवा पडदा सोयीचा वाटला. रोपवाटिकेंत तो स्वस्तांत मिळे आणि तीन-चार वर्षांत पडदा तयार होई. पडद्याला पाय आहेत हें विकणाऱ्यानें सांगितलें नाहीं.

आतां आमच्या अपराधाची खरी गोष्ट. मुलीच्या घरामागें, त्या रांगेच्या पलीकडे, एक वृद्ध विधवा बाई एकट्याच राहतात. वय ऐंशीच्या घरांत. २०१९ च्या त्या वसंतांत आम्ही रोज सकाळीं मागील अंगणांत फेऱ्या घालीत असूं. एके दिवशीं त्या बाई कुंपणापाशीं आल्या, हंसून नमस्कारादाखल कांहीं बोलल्या, मग आपल्या बाजूच्या जमिनीकडे बोट करून, वेळूंकडे हात करून बरेंच कांहीं सांगूं लागल्या. आमचें इंग्रजी पुस्तकी. व्याकरण आम्ही शिकवूं शकतों. परंतु त्या देशांतील वृद्ध बाईचें भरभर बोलणें आमच्या कानांत शब्दशः शिरत नाहीं. चेहरा हंसरा होता, हात वेळूंकडे होता, तेव्हां त्या वेळूंची वाखाणणी करीत आहेत असें आम्हीं ठरविलें. आम्हीं मान डोलावली. दोन्ही हातांनीं मुरली धरल्याचा अभिनय करून, आमच्या देशांत देव याचीच मुरली वाजवितो, हें त्यांना मोडक्यातोडक्या वाक्यांत समजाविलें. त्या क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या, पुन्हा हंसल्या व आंत गेल्या.

त्या सांगत होत्या तें असें: तुमच्या बाजूचे कोंब माझ्या अंगणांत येत आहेत, मला वांकवत नाहीं, तेवढें मुलांच्या कानावर घालाल काय? हें आम्हांला कळलें तें २०२३ सालीं.

मधल्या काळांत त्या बाईंनीं पुन्हा तोंड उघडलें नाहीं. आपण सांगितलें, घरच्या वडीलधाऱ्या माणसानें मान डोलावली, आणि तरीही कोणी कांहीं केलें नाहीं. मग पुन्हा काय सांगावयाचें? त्या आपल्या परीनें दर वसंतांत कोंब मोडीत राहिल्या. त्यांच्या मागील दारची फरसबंदी उचलली गेली. कन्या व जावईबापू कामाचे धनी, सकाळीं निघावें, दिवेलागणीला परतावें. रांगेच्या पलीकडे काय चाललें आहे तें रांगेमुळेंच दिसत नव्हतें. २०२३ च्या मे महिन्यांत काउंटीच्या नियम-अंमलबजावणी खात्याचें पत्र आलें. धांवता बांबू आपल्या हद्दीबाहेर गेल्याची तक्रार आहे, पाहणी झाली आहे, मुदतींत बंदोबस्त करावा. मुलीनें दूरध्वनीवर तें वाचून दाखविलें तेव्हां तिच्या आवाजांत रागाहून दुःख अधिक होतें. “इतकीं वर्षें शेजारीं राहतों, एका शब्दानें बोलल्या असत्या तर!” आम्हीं विचारलें, तक्रार कोणीं केली? तिनें सांगितलें. आणि मग आम्हांला तो कुंपणापाशींचा हात आठवला.

ती रात्र आम्हांला झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मुलीला सर्व सांगितलें. ती कांहीं वेळ बोलली नाहीं, मग म्हणाली, “नाना, मुरली?” एवढेंच.

आतां कायद्याकडे वळूं, कारण वाचकांपैकीं कांहींजण विचारतील कीं, स्वतःच्या अंगणांत गवत वाढविण्यालाही सरकार बंदी करतें काय? बंदी नाहीं, हेंच तर या नियमाचें वैशिष्ट्य. व्हर्जिनियांतील पूर्वीची स्थिति अशी होती कीं, शेजाऱ्याची फांदी वा मूळ आपल्या हद्दींत आलें तर हद्दीपर्यंत तें छाटावें. त्यापलीकडे न्यायालयांत दाद मागणें कठीण. १९३९ च्या एका निकालानें झाड जात्याच उपद्रवी असेल व त्यानें इजा केली असेल तरच दाद मिळे. २००७ सालीं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें ही फूटपट्टी बदलली. झाड कोणतें हा प्रश्न नव्हे. त्यानें प्रत्यक्ष नुकसान केलें काय, किंवा नुकसान उंबरठ्यावर येऊन ठेपलें आहे काय, हें पाहावें, असें ठरलें. तो तंटाही फेअरफॅक्सच्याच एका जोडघराचा होता. मुळ्या एका मोठ्या वृक्षाच्या होत्या. तरीपण न्यायालय म्हणजे वकील, खर्च, वर्षें. ऐंशी वर्षांच्या बाईनें चार कोंबांसाठीं दावा लावावा काय?

काउंटीनें आपणहून नियम करावा, तर तेथें आणखी एक गांठ आहे. आयोवाचे न्यायाधीश डिलन यांनीं १८६८ सालीं एक तत्त्व घालून दिलें: स्थानिक संस्थेला राज्यानें दिले तेवढेच अधिकार, स्वयंभू अधिकार नाहींत. व्हर्जिनिया या तत्त्वाला घट्ट धरून आहे. म्हणून आधीं राज्याच्या विधिमंडळानें २०१७ सालीं एक कलम केलें कीं, स्थानिक संस्थांनीं वाटल्यास धांवत्या बांबूविषयीं नियम करावे. त्या आधारावर फेअरफॅक्सच्या मंडळानें २०२२ सालीं नियम मंजूर केला व १ जानेवारी २०२३ पासून तो अंमलांत आला. बांबू ठेवा अगर काढा, आमचें म्हणणें नाहीं. परंतु तो शेजाऱ्याच्या जमिनींत वा सार्वजनिक रस्त्याच्या हद्दींत शिरतां कामा नये, एवढाच त्याचा आशय. ऐकलें नाहीं तर पहिल्या वेळीं ५० डॉलर दंड, पुढें दर खेपेस २००, आणि एकाच प्रकरणांत बारा महिन्यांत ३,००० च्या वर नाहीं.

इतर राज्यांनीं निरनिराळ्या वाटा धरल्या. न्यूयॉर्कनें २०१५ पासून सोनेरी व पिवळ्या खांचेच्या अशा दोन्ही जातींची विक्रीच बंद केली. हें पुढच्यांसाठीं चांगलें. आधींच अंगणांत धांवत असलेल्या वेळूला मात्र विक्रीबंदीचें भय नसतें. कनेक्टिकटचा कायदा २०१३ चा. त्यानें शेजारहद्दीपासून ४० फुटांच्या आंत, मुळ्या अडविणारी भिंत वा कुंडी नसेल तर, हा बांबू लावूं नये असें ठरविलें, दंड १०० डॉलर, आणि तोही रोजच्या हिशेबानें. शिवाय विकणाऱ्यानें गिऱ्हाइकाला या वनस्पतीचा स्वभाव लेखी सांगावा अशी अट घातली. ही शेवटची अट आम्हांला सर्वांत शहाणपणाची वाटते. वर लिहिलेंच आहे कीं, पडद्याला पाय आहेत हें कोणी सांगत नव्हतें.

परंतु कनेक्टिकटचा रोख लावणाऱ्यावर किंवा लावूं देणाऱ्यावर आहे. व्हर्जिनियाचा रोख जमीन आज ज्याची आहे त्याच्यावर. येथें आम्हांला मनुस्मृतींतील आणखी एक प्रकरण आठवतें. नवव्या अध्यायांत बीज मोठें कीं क्षेत्र मोठें असा वाद आहे, आणि तेथें म्हटलें आहे कीं, पुरानें वा वाऱ्यानें वाहून आलेलें बीं ज्याच्या शेतांत रुजेल, पीक त्याचें. पेरणाऱ्याला त्याचें फळ नाहीं. वाद खरा संततीचा आहे, दाखला शेतीचा. त्या काळीं प्रश्न असा कीं, आलेलें पीक कोणाचें? आज प्रश्न असा कीं, नको असलेलें पीक कोणाचें? आमचें मत व्हर्जिनियाच्या बाजूनें आहे. लावणारा कोण हें शोधूं गेलें तर तो बहुधा घर विकून गेलेला असतो किंवा जगांतूनच गेलेला असतो. आणि शोधाशोध होईतों मूलक्षोड थांबत नाहीं. हातांत कुदळ घेऊं शकतो तो आजचा मालक. दोष कोणाचा हें न विचारतां काम कोणाचें हें ठरविणारा नियम शेजारधर्माला अधिक उपकारक, असें आम्हांला वाटतें. त्यांत एक उणीव आहे ती सांगितली पाहिजे. नियम तक्रारीवर चालतो, आणि तक्रार करणारास आपण चुगली केली असें वाटत राहतें. आमच्या शेजारीणबाईंनाही तसेंच वाटलें, हें पुढें येईलच.

जपानांत तर बांबू घरचाच. तेथें टाकून दिलेल्या वेळुवनांनीं शेजारचीं रानें व शेतें गिळण्याची मोठी ओरड आहे. त्यांच्या दिवाणी कायद्यांत एक मौज होती: शेजारच्या झाडाचें वा बांबूचें मूळ आपल्या जमिनींत आलें तर खुशाल कापावें, पण फांदी आली तर ती मालकाकडूनच कापून घ्यावी. १ एप्रिल २०२३ पासून फांदीही, मालकानें सांगून वाजवी मुदतींत न कापल्यास, आपण कापावी अशी सुधारणा झाली. सांगणें आधीं, हें तेथेंही आहेच.

आणि आपल्याकडे? १९२७ च्या वन कायद्यानें वेळूला वृक्षांत गणलें होतें. त्यामुळें स्वतःच्या शेतांतला कळक तोडून बाजारांत न्यावयाचा तरी परवान्यांच्या फेऱ्यांत पडावें लागे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) गांवाला आपल्या वनांतील बांबू विकण्याचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला तो २०११ सालीं, तोही मोठ्या झगड्यानंतर. जंगलाबाहेरच्या बांबूला वृक्षांतून वगळण्याची दुरुस्ती २०१७ सालीं झाली. म्हणजे ज्या वर्षीं व्हर्जिनियांत बांबूला आवर घाला असें सांगण्याची सोय झाली, त्याच वर्षीं आपल्या शेतकऱ्याला बांबू तोडण्याची मोकळीक मिळाली. एका अक्षराचाही विरोध यांत नाहीं. आपला वेळू बेटांत बसून राहतो. बांधून घातला होता तो शेतकरी.

असो. नोटीस आल्यावर आम्हीं पहिली गोष्ट केली ती पत्र लिहिण्याची. शब्दकोश जवळ घेऊन, तीन वेळां खोडून, आम्हीं शेजारीणबाईंना इंग्रजींत पत्र लिहिलें. २०१९ सालीं तुम्ही काय म्हणालां तें आम्हांस समजलें नव्हतें. मुलांना कांहीं ठाऊक नव्हतें. मान डोलावली ती आमची चूक. वेळू राखण्याचा सल्लाही आमचाच. क्षमा असावी. जावईबापूंनीं तें स्वतः नेऊन दिलें. पंधरा दिवसांनीं उत्तर आलें, निळ्या शाईंत, सुरेख हस्ताक्षरांत. तक्रार करतांना आपणांस फार वाईट वाटलें, तीन वेळां पत्ता लिहून खोडला, असें त्यांनीं लिहिलें होतें. आणि पुढें असें होतें कीं, ती रांग पूर्वीच्या घरमालकानें लावली तेव्हां खड्डे खणावयास त्यांचे यजमानही गेले होते. दोघे मित्र होते, दोघांनाही आडोसा हवा होता. पहिलीं दहा वर्षें ती रांग त्यांना फार आवडत असे. ते मित्र घर विकून दूर गेले, यजमान वारले. तुम्ही हातांनीं जें वाद्य दाखविलें तें मला तेव्हांच समजलें होतें, असेंही शेवटीं होतें. कनेक्टिकटच्या पद्धतीनें लावणाऱ्याचा शोध घेतला असता तर तो या बाईंच्याच उंबऱ्याशीं येऊन थांबला असता.

काम त्या वर्षीं शरदांत झालें. तेथें जमीन खणण्यापूर्वीं ८११ या क्रमांकावर कळवावें लागतें. मग निरनिराळ्या सेवांचीं माणसें येऊन, जमिनीखालून काय गेलें आहे त्याच्या रंगीत खुणा हिरवळीवर ओढून जातात: वायूच्या नळाला पिवळा, विजेला लाल, पाण्याला निळा, मैल्याच्या नळाला हिरवा, दूरध्वनीच्या तारांना नारिंगी. मुलीनें त्याचें छायाचित्र पाठविलें. जमिनीखालीं इतकें कांहीं असतें आणि हद्द मात्र वरच आंखलेली असते! मग हद्दीपासून आंत अडीच फूट खोल चर खणला. जाड प्लॅस्टिकचा अखंड पत्रा त्यांत उभा बसविला, वरची कड जमिनीच्या दोन बोटें वर, आणि माथा किंचित् बाहेर कललेला. अशानें मूलक्षोड पत्र्यावर आदळलें कीं खालीं न दडतां वर येतें व कडेवरून ओलांडूं पाहतांना डोळ्यांना दिसतें. दर शरदांत फेरी मारून तें कापावयाचें. पत्र्याच्या जोडाला फट राहिली तर सगळें काम फुकट, म्हणून जोड दुहेरी घेऊन चापांनीं आवळला. हद्दीपलीकडे गेलेलीं मूलक्षोडें जावईबापू व बाईंचा नातू यांनीं मिळून तीन रविवार उपसलीं. नुसतीं टाकून दिलीं तर ओल मिळतांच पुन्हा रुजतात, म्हणून तीं ताडपत्रीवर पसरून वाळूं दिलीं. विष कोठेंही घातलें नाहीं. बाईंच्या गुलाबांवर त्यांचा फार जीव. फरसबंदी मुलीनें करवून दिली. खर्चाचा आंकडा आम्हांला सांगितला नाहीं, आणि आम्हींही विचारला नाहीं.

रांग अर्धी उरली आहे. ती सगळी काढावी असें जावईबापूंनीं म्हटलें होतें. राहूं द्या म्हणाल्या त्या बाई.

जमिनींत तुटून राहिलेला तुकडा सहजासहजीं मरत नाहीं. वर येईल तो प्रत्येक कोंब मोडीत गेलें तर सांठविलेलें अन्न संपून तो हरतो, पण त्याला दोन-तीन वर्षें लागतात. २०२४ च्या वसंतांत बाईंच्या बाजूस एकतीस कोंब आले. २०२५ सालीं आम्ही पुन्हा तेथें होतों, आणि सात आले. कोवळा कोंब पायानें आडवा ढकलला कीं काडकन् मोडतो. त्याला कुदळही लागत नाहीं. रोज सकाळीं आम्ही दाराची कडी वाजवून त्यांच्या अंगणांत जात असूं. त्या काठीनें कोंब दाखवीत, आम्ही मोडीत असूं. त्या सावकाश बोलत आणि न समजलें तर आम्ही पुन्हा विचारीत असूं. सात कोंबांपैकीं पांच चांगले कोवळे होते. आमच्या मंडळींनीं ते सोलून, पातळ चकत्या करून, रात्रभर पाण्यांत ठेवले, सकाळीं तें कडू पाणी टाकून उकडून घेतले आणि हरभऱ्याची डाळ व ओलें खोबरें घालून कोंकणी पद्धतीची भाजी केली. कोंब बाईंच्या जमिनींतले, म्हणून पहिली वाटी त्यांच्याकडे गेली. संध्याकाळीं वाटी परत आली ती धुऊन, आणि तींत पिवळ्या गुलाबाचें एक फूल होतें.